नेल्डा स्टोव्हॉल किती वाजता येते

बोटीच्या दिवशी बंदरावर किती वाजता यावं, हे मला आठवड्यातून निदान चाळीस माणसं विचारतात. गॅल्व्हस्टन बेटाच्या बंदरावरून सहलीच्या मोठ्या बोटी सुटतात, तिथे मी व्हीलचेअर ढकलते. नऊ वर्षं झाली. जन्मले याच बेटावर, माझी आईही इथलीच, त्यामुळे बाहेरून येऊन तीस वर्षं इथे राहिलेल्या माणसालाही मी मनातल्या मनात पाहुणाच समजते. मग बोटीच्या प्रवाशांना काय समजत असेन ते तुम्हीच ठरवा.

माझं उत्तर ठरलेलं आहे. तुमच्या कागदावर जी वेळ छापलीय त्या वेळेला या. पण ऐकतं कोण? अकराची वेळ असली की निम्मी मंडळी साडेआठलाच पोरंबाळं, टोप्या आणि सनस्क्रीन घेऊन दारात हजर. आधीच्या फेरीचे लोक अजून उतरत असतात, उन्हाने भाजलेले, पैसे संपलेले, आणि हे नवे लोक त्यांच्याकडे असे बघतात की जणू ते मुद्दामच सावकाश चालतायत. उरलेले निम्मे बरोबर उलटे. रस्त्यात कोळंबी खायला थांबतात, पुलावर फोटो काढतात आणि दार बंद व्हायला पाच मिनिटं असताना धापा टाकत येतात. मग त्यातलं कोणीतरी मलाच खडसावतं, आधी सांगायला काय झालं होतं.

नेल्डा स्टोव्हॉल या दोन्हींत बसत नव्हती. म्हणूनच तर माझ्या डोळ्यांत भरली.

वय एकाहत्तर, अंगाने काटकुळी, पाठ ताठ, पांढरे केस पुरुषासारखे आखूड कापलेले. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. राहणारी लफकिनची, म्हणजे इथून गाडीने तीन तास आत, पाइनच्या रानात. पहिल्यांदा आली तेव्हा तिने दारात व्हीलचेअर मागितली. मी म्हटलं, "काय दुखतंय बाई?" म्हणाली, "गुडघा." चार महिन्यांनी परत आली, परत खुर्ची मागितली, आणि या वेळी म्हणाली, "कंबर."

"मागच्या वेळी गुडघा होता."

"तो बरा झाला."

गाडीपासून दारापर्यंत ती स्वतःची बॅग ओढत टाचा वाजवत आली होती, ते मी बघितलेलं होतं. पण असे लोक असतात. खुर्ची घेतली की लांबलचक रांग चुकते, म्हणून काही धडधाकट माणसं दारात येताच लंगडायला लागतात. मला वाटलं, ही त्यातलीच.

तसं म्हणावं तर पुढचं जुळेना. आमच्याकडे खुर्चीवरच्या लोकांना भिंतीलगत ओळीने बसवतात. समोर चौदा काउंटर. आम्ही एकेकाला ढकलत शेवटच्या दोन काउंटरांवर नेतो, तेरा किंवा चौदा नंबरच्या. तिथे पासपोर्ट बघतात, चार प्रश्न विचारतात, फोटो काढतात, की झालं, वर बोटीवर. ओळीतला प्रत्येकजण माझ्या डोळ्याला डोळा भिडवायच्या प्रयत्नात असतो, की आता मला ने. आणि ही बाई म्हणायची, "त्या आजोबांना आधी न्या. मला घाई नाही." आजोबांना नेऊन यावं तर, "त्या बाईंना न्या, त्यांच्याजवळ लेकरू आहे." एकदा तर तिने पाठोपाठ सहाजणांना पुढे सोडलं. ज्या हॉलमध्ये भले भले बाप्ये जेवणाच्या पहिल्या ताटासाठी बाबागाड्या घुसवतात, त्या हॉलमध्ये!

मी जात्याच चौकस. माझा नवरा म्हणायचा, इडेला, तू मेल्यावर देवाला आधी दहा प्रश्न विचारशील आणि मगच आत जाशील. मला राहवेना.

"बाई, नेमकी कशाची वाट बघताय?"

"माझ्या वेळेची," ती म्हणाली आणि मनगट उलटं करून घड्याळात बघितलं.

तिच्या वेळेचाही मी माग काढला. छापलेली वेळ साडेअकराची असली तरी ती कधी साडेअकराला यायची नाही. एकला पाच मिनिटं कमी असताना दारात. एक दहा ते एक वीसच्या मध्ये काउंटरवर. तीन फेऱ्या बघितल्या, तिन्ही वेळा तसंच.

हळूहळू ती बोलायला लागली, पण भलत्याच गोष्टींवर. एकतीस वर्षं तिने लफकिनच्या शाळांच्या बसगाड्यांची वेळापत्रकं केली होती. चौसष्ट गाड्या. कुठलं पोर कुठल्या वळणावर किती वाजता उभं राहील, हे सगळं तिच्या डोक्यात. "एकदाही माझ्यामुळे पोर थंडीत ताटकळलं नाही," असं सांगताना तिची मान आपोआप वर व्हायची. आमच्या बंदराचंही तिने मला सांगितलं. "तुमच्याकडे बारा चाळीसनंतर रांग पातळ होते. ह्यूस्टनहून येणाऱ्या बसगाड्यांची पहिली खेप संपलेली असते आणि दुसरी अजून पुलाच्या पलीकडे असते." नऊ वर्षं मी तिथे काम करत होते आणि मला याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खरंच.

पाच दिवसांनी बोट परत आली की कधीकधी उतरतानाही ती मला दिसायची. चेहरा पांढराफटक पडलेला.

"कशी झाली सफर?"

"पाच दिवस खारी बिस्किटं खाल्ली. समुद्र मला सोसत नाही."

"मग कोझुमेलचं बेट बघितलंत तरी?"

"खिडकीतून."

"अहो, मग येता कशाला?"

"पुढची तारीख ऑक्टोबरची आहे," ती म्हणाली. "खुर्ची ठेवशील ना?"

आता सांगा, यावर माणसाला झोप कशी लागावी?

ऑक्टोबरात ते उलगडलं. एरवी मी खुर्ची काउंटरला लावली की दोन पावलं मागे सरते, कारण लोकांचे खाजगी प्रश्न असतात. त्या दिवशी मागे सामानाचा ढीग होता, सरायला जागाच नव्हती. चौदा नंबरला चार्ला पिकेट होती. चार्ला आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी लागलेली. चाळिशीची, कामाला चोख, गप्पांना निरुपयोगी. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा एकटी बसून सँडविच खाणारी.

"पासपोर्ट द्या, मॅडम. ताप, खोकला, उलट्या?"

"अजून नाही," नेल्डा म्हणाली.

चार्ला हसली नाही. पडद्याकडे बघत तिने पुढचं वाचलं, रोज दोनशे वेळा वाचते त्याच आवाजात. "आणीबाणीत कोणाला कळवायचं. चार्ला पिकेट. नातं, मुलगी. नंबर तोच आहे का?"

"तोच आहे."

"इकडे कॅमेऱ्यात बघा, मॅडम. चष्मा काढा."

नेल्डाने चष्मा काढला आणि बघितलं. पण कॅमेऱ्यात नाही. कॅमेऱ्याच्या वर, चार्लाकडे. चार्लाने बटण दाबलं, पासपोर्ट परत दिला आणि म्हणाली, "सफर सुखाची होवो. पुढचे कोण?"

मी चार्लाच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. नंतर पुन्हा एकदा वाचली. खुर्ची वळवताना माझ्या हातून ती काउंटरला धडकली.

बोटीवर चढायचा उतार लांब आहे, तीनदा वळतो. पहिल्या वळणापर्यंत मी दम धरला. मग म्हटलं, "ती तुमची मुलगी."

"हो."

"आणि तुम्ही नुसतं पासपोर्ट दाखवून यायला पाच दिवस ओकता?"

"चार मिनिटं मिळतात," नेल्डा म्हणाली. "साडेबाराला ती जेवायला जाते, एकला येते, आणि आल्यावर तिला तेरा नाहीतर चौदा नंबरला बसवतात. तेरावर असली तर तेरा, चौदावर असली तर चौदा. ते तुझ्या ओळीत बसल्यावर दिसतं, आणि तिचं काउंटर मोकळं होईपर्यंत मी इतरांना पुढे सोडते. दुसरीकडे रांगेत उभी राहिले तर मला पाच नंबरलाही पाठवतील."

मग उरलेल्या दोन वळणांत तिने मला सगळं सांगितलं, आणि तेही असं सांगितलं की जणू कोणत्या तरी गाडीचा मार्ग सांगतेय.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा डॉयल लफकिनच्या दवाखान्यात होता. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे तरी काढेल. चार्ला तेव्हा कॉर्पस क्रिस्टीला राहायची, थेट खाली दक्षिणेला. बुधवारी तिचा फोन आला, आई, मी आत्ता निघते. नेल्डाने हिशेब केला. बुधवारी निघाली तर ह्यूस्टनमध्ये ऐन गर्दीत सापडेल, वर रस्त्याचं काम चाललेलं, आठ तास मोडतील. शनिवारी पहाटे निघाली तर साडेपाच तासांत, दहाच्या ठोक्याला दारात. रजाही वाया जाणार नाही. तिने मुलीला सांगितलं, शनिवारी ये. डॉयल शुक्रवारी सकाळी सव्वासातला गेला.

"मातीच्या दिवशी ती मला एवढंच म्हणाली, की बाबांनासुद्धा तू बसच्या थांब्यावर उभं केलंस. त्यानंतर बोलली नाही. फोन उचलत नाही, पत्रं परत येतात. इथे कामाला लागली हे मला माझ्या भाचीकडून कळलं." बोटीचं दार आलं तशी ती खुर्चीतून उठली, बॅग घेतली. "घरी गेले तर ती दार लावून घेईल. काउंटरला दार नसतं."

मला तिचा रागही आला आणि दयाही. मरणाऱ्या माणसाच्या बाबतीत कोणी गाड्यांची गर्दी बघतं का? आणि दुसरीकडे, दर चार महिन्यांनी ही बाई पाच दिवसांचं ओकणं पत्करून चार मिनिटं लेकीसमोर बसायला येते. दोन्ही एकाच बाईने केलेलं.

माझ्याने गप्प बसवलं नाही. दुसऱ्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत मी चार्लाच्या टेबलाशी जाऊन बसले.

"तुझी आई..."

"इडेला, माझ्या काउंटरला प्रवासी येतात," ती म्हणाली. "त्यांच्या घरचं मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

मी उठले. चार पावलं गेले असेन, तर मागून आवाज आला. "तिला खरंच चालता येत नाही?"

"माझ्यापेक्षा बरी चालते."

"मग खुर्ची कशाला घेते?"

"तुझ्या काउंटरला खुर्च्या येतात म्हणून."

चार्लाने सँडविचचा घास घेतला आणि तो कितीतरी वेळ चावत बसली.

जानेवारीत आम्हाला सांगण्यात आलं, की फेब्रुवारीच्या शेवटाला काउंटर जाणार. प्रवाशाने नुसतं चालत यायचं, कॅमेरा तोंड ओळखणार, संपलं. काउंटरच्या माणसांना मागे सामानाच्या गोदामात काम देणार होते, जिथे प्रवासी कधी फिरकत नाहीत. नेल्डाची पुढची फेरी फेब्रुवारीतच होती. मी तिला फोन करून सांगितलं.

"म्हणजे ही शेवटची," ती म्हणाली.

"काहीतरी बोला हो या वेळी. माफी मागा. रडा. काहीतरी करा."

"तिच्या कामाच्या जागी मी तमाशा करणार नाही. बोलायचं की नाही ते तिने ठरवायचं."

तिच्या बोटीच्या दिवशी सकाळी उठले तर खिडकीबाहेर काही नव्हतं. समोरच्या घराचा जिनासुद्धा दिसेना. आमच्याकडे फेब्रुवारीत धुकं पडलं की असंच पडतं. बोट बाहेर आखातात उभी राहते, आत यायचा रस्ता बंद करतात, आणि कधी उघडतील ते देवालाही ठाऊक नसतं. प्रवाशांच्या फोनवर निरोप गेले, सगळ्यांनी चार-पाच तास उशिरा या. अर्थातच सगळे नेहमीच्याच वेळेला आले. दहा वाजता रस्त्याच्या कडेने दीड हजार माणसं बॅगांवर बसलेली, पोरं रडतायत, एक माणूस मला विचारतोय, धुकं किती वाजता संपतं.

नेल्डा आदल्या दिवशीच येऊन समुद्राकाठच्या मोटेलात उतरली होती. तिचा फोन आला.

"इडेला, ती आज जेवायला किती वाजता जाईल?"

"आज? आज कोणाचं जेवण आणि कोणाचं काय. तिला बाहेर उभं केलंय, गर्दी आवरायला."

"चौदा नंबरला कधी बसेल?"

"बोट लागेल तेव्हा."

"आणि घरी कधी जाईल?"

"अहो बाई, मला काय माहीत!"

मग जे म्हणाली ते मी तिच्या तोंडून कधी ऐकेन असं वाटलं नव्हतं. "मला आज काहीच सुचत नाही. लवकर आले तर ती जागेवर नसेल, उशिरा आले तर निघून गेली असेल. मी किती वाजता येऊ? तू सांग."

चाळीस माणसांना आठवड्याला बिनदिक्कत उत्तर देणारी मी, पण त्या दिवशी "थांबा, विचारते," एवढंच म्हटलं.

दुपारी एकला धुकं जरा वर उचललं आणि बोट आत आली. जुने प्रवासी उतरायला चार वाजले. पाटीवर लाल अक्षरांत नवीन वेळ लागली, बोर्डिंग संध्याकाळी सातपर्यंत. चार्ला चौदा नंबरला येऊन बसली तेव्हा मी खुर्ची पुसायच्या निमित्ताने तिथे गेले.

"आज किती वाजेपर्यंत आहेस?"

"साडेपाच. का?"

"उगाच."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. प्रवाशांची यादी तिच्यासमोरच होती, आईच्या नावासकट, तिला काय कळायचं ते कळलं असणार. मी कोपऱ्यात जाऊन नेल्डाला फोन लावला. "साडेचारला या. नक्की या."

साडेचार वाजले. नेल्डा नाही. पावणेपाच झाले. माझ्या ओळीतल्या खुर्च्या एकेक रिकाम्या होत गेल्या. फोन लावला तर लागेना. पाच. आयुष्यात एकदा ही बाई दुसऱ्याच्या सांगण्यावरून वेळ ठरवते, आणि ती वेळ मी दिलेली.

साडेपाचला साहेबांनी सुटणाऱ्यांची नावं वाचली. चार्लाचं नाव दुसरं. ती उठली, पर्स खांद्याला लावली, भिंतीलगतच्या माझ्या ओळीकडे बघितलं. ओळीत फक्त रिकाम्या खुर्च्या.

"झाले तुझे लोक सगळे?"

"एक राहिलंय," मी म्हटलं.

चार्ला तशीच उभी राहिली. मग पर्स काढून टेबलाखाली ठेवली आणि साहेबांना म्हणाली, "मी थांबते. शेवटपर्यंत." साहेबांना आनंदच झाला. बाकीचे काउंटर बंद झाले. तेरा नंबरला टेव्हिन नावाचा नवा मुलगा आणि चौदाला चार्ला, एवढेच उरले.

सहा वाजून वीस मिनिटांनी दार उघडलं आणि नेल्डा आत आली. चालत. बॅग ओढत, केस धुक्याने ओले, एका बुटाला चिखल. नंतर कळलं, गाडी ठेवायच्या जागेवरून प्रवाशांना आणणारी बस बंदराच्या रस्त्यावर गर्दीत दीड तास जागची हलली नव्हती. चौसष्ट बसगाड्या वेळेवर चालवलेली बाई शेवटी बसमधून उतरली आणि उरलेले दीड मैल पायी आली. मी खुर्ची पुढे केली. तिने मान हलवली आणि सरळ चौदा नंबरकडे गेली.

"पासपोर्ट द्या, मॅडम."

नेल्डाने दिला. तिला धाप लागली होती. चार्लाने पासपोर्ट उघडला. पडद्याकडे बघितलं नाही, काही टाइप केलं नाही. ती त्या पासपोर्टातल्या फोटोकडे बघत राहिली. नंतर समोर.

"तुम्हाला उशीर झालाय," ती म्हणाली. "बोर्डिंग बंद झालं."

तिच्या डोक्यावरच्या पाटीत सात हा आकडा ठळक लाल दिसत होता. शेजारी घड्याळात सहा तेवीस.

टेव्हिनने तोंड उघडलं. "अगं, पण अजून..."

"टेव्हिन," मी म्हटलं, "तुझ्या बुटाची नाडी सुटलीय."

तो खाली बघायला लागला. त्याच्या बुटांना नाडी नव्हतीच. तेवढ्यात दारातून एक नवं जोडपं पळत आलं, बायको नवऱ्याला वाटेत थांबून कोळंबी खाल्ल्याबद्दल शिव्या घालत होती. टेव्हिनने त्यांचे पासपोर्ट घेतले, फोटो काढले आणि वर पाठवलं. दोन मिनिटांचं काम. हे सगळं नेल्डाच्या कोपराजवळ, तिच्या डोळ्यांदेखत झालं. तिने त्या जोडप्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. या बंदराचं मिनिट न् मिनिट जिला पाठ होतं ती बाई.

"हो," ती म्हणाली. "मला उशीर झाला."

"मग आता जाता येणार नाही."

"नाही."

चार्लाने पासपोर्ट मिटला. "तिथे बाकावर बस. मला सातपर्यंत काम आहे. उठून जाऊ नकोस."

"नाही जात."

"जेवलीस का?"

"सकाळपासून नाही. बोट लागते ना मला, म्हणून."

चार्लाने टेबलाखालून स्वतःचं अर्धं सँडविच काढलं आणि काउंटरवरून पुढे सरकवलं. नेल्डा ते घेऊन बाकावर जाऊन बसली. मी खुर्च्या घडी करून एकीवर एक ठेवत होते. त्या कामाला दहा मिनिटं लागतात, त्या दिवशी मी चाळीस लावली. कोणी चोंबडी म्हणो.

सातला पाटी विझली. चार्ला काउंटर बंद करून आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. दोघी समोरच्या रिकाम्या काउंटरांकडे बघत होत्या.

"बाबांनी माझं विचारलं होतं का?" चार्ला म्हणाली.

"गुरुवारी विचारलं. चार्ला कधी येणार, म्हणाले. मी सांगितलं, शनिवारी, दहा वाजता."

"मग?"

"मग म्हणाले, बरं, तोवर थांबतो." नेल्डाने हातातला सँडविचचा कागद चुरगळला. "त्रेचाळीस वर्षांत त्यांनी सांगितलेली वेळ कधी चुकवली नव्हती. मला खरं वाटलं गं."

चार्लाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती रडायला लागली तशी मीही भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, कारण माझंही तेच झालं होतं.

"मला बुधवारीच यायचं होतं," ती हातांआडून म्हणाली.

"हो. मी तुला येऊ द्यायला हवं होतं. चुकलं माझं, चार्ला. त्यांच्याही बाबतीत आणि तुझ्याही."

बाहेर बोट सुटल्याचा भोंगा झाला. दोघींनीही तिकडे बघितलं नाही. चार्लाने डोळे पुसले, उठली आणि आईची बॅग उचलली.

"चल. माझ्या गाडीत बस, तुझी गाडी नंतर आणू." दारापाशी जाऊन ती थांबली. "तुला परत किती वाजता निघायचंय?"

"तू सांगशील तेव्हा," नेल्डा म्हणाली.